सोड्याची बाटली आणि शहाद्याची मजुरी

उन्हाळ्यांत सोड्याची बाटली फोडतांना आपण किंमतीचा फारसा विचार करीत नाहीं. हायरम कॉड ह्या इंग्रजानें १८७२ सालीं पेटंट घेतलेली ती गोळीची बाटली आपल्याकडे चांगलीच रुळली. पण तिचे पैसे घरच्या जमाखर्चांत क्वचितच चढतात. तहानेवरचा हा खर्च ठरवावा कोणीं, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नव्हे. खानदेशांतील शहाद्यास तो फार निकडीचा झाला होता.

तापीकांठची ही जमीन काळी, कसदार. कर्जापायीं ती अनेक भिल्ल कुटुंबांच्या हातून गेली आणि धनी होते ते सालदार झाले. १९७२ सालीं तेथें श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिच्या अग्रभागीं होते. मजुरीसाठीं लढे झाले. पण झगडून मिळविलेली मजुरी वाटेंतल्या गुत्त्यांत गेली, तर चूल कशी पेटावी? मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुस्तकांत होता, गुत्ते गांवांत होते.

अखेर आदिवासी स्त्रियाच निघाल्या. गुत्त्यांवर जाऊन त्यांनीं दारूचीं मडकीं फोडलीं. बायकोस मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. जमाखर्चाची वही त्यांच्यापाशीं नव्हती. मजुरींत आपलेहि कष्ट आहेत, तेव्हां खर्चांत आपलाहि शब्द हवा, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आपल्या घरीं वही आहे. तींत शब्द कोणाचा चालतो, हें आज जरूर पाहावें.