मोतीबिंदू : 'पिकेपर्यंत' थांबायचे का?

"डॉक्टर, बाबांना मोतीबिंदू आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण अजून पिकला नाही म्हणून थांबलोय." दवाखान्यात हे वाक्य मला वरचेवर ऐकू येते. बाबा आलेले असतात शुगरच्या तपासणीसाठी. बोलता बोलता कळते, की आजकाल ते संध्याकाळनंतर बाहेर पडत नाहीत, पेपर वाचणे सोडले आहे आणि परवा पायरी न दिसल्याने पडता पडता वाचले. म्हणून हा लेख रुग्णांइतकाच त्यांच्या मुलासुनांसाठीही आहे.

मोतीबिंदू म्हणजे काय?

डोळ्याच्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. बाहेरून येणारा प्रकाश ते आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, केंद्रित करते. वय वाढते तसे भिंगातील प्रथिनांमध्ये बदल होतात आणि ते हळूहळू गढूळ, पिवळट होत जाते. या गढूळ झालेल्या भिंगालाच मोतीबिंदू म्हणतात.

मोतीबिंदू डोळ्याच्या वरच्या बाजूला येत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर वाढणारे मांस म्हणजे वडस. तो वेगळा आजार आहे.

नजरेवर काय परिणाम होतो?

मोतीबिंदूत डोळा सहसा दुखत नाही आणि लालही होत नाही. नजर इतकी हळू कमी होते, की माणूस त्याच्याशी जुळवून घेतो. या गोष्टींकडे लक्ष द्या :

- धुक्यातून किंवा मळक्या काचेतून पाहिल्यासारखे दिसणे
- रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपणे, दिव्याभोवती वलय दिसणे
- रंग फिके, पिवळसर दिसणे
- चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे
- एका डोळ्याने पाहतानाही दोन प्रतिमा दिसणे
- वाचायला जास्त उजेड लागणे

काही जणांना उतारवयात अचानक चाळिशीशिवाय वाचता येऊ लागते. घरात कौतुक होते, पण अनेकदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा मधला भाग कडक झाल्याने जवळचे काही काळ बरे दिसते आणि लांबचे बिघडत जाते.

कोणाला धोका जास्त?

वाढते वय हे मुख्य कारण आहे. मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला मार लागणे, वर्षानुवर्षे उन्हात काम करणे आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थेंब दीर्घकाळ वापरणे यांमुळे मोतीबिंदू लवकर होऊ शकतो. डोळ्याला खाज येते म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच थेंब आणून महिनोन्महिने घालू नका. त्यात स्टेरॉइड असू शकते.

लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्यामागे जन्मजात मोतीबिंदू किंवा त्याहून गंभीर आजार असू शकतो.

'पिकण्याची' समजूत कुठून आली?

पूर्वी मोठा छेद घेऊन भिंग बाहेर काढत आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. तेव्हा नजर बरीच गेल्यावरच शस्त्रक्रिया करणे रास्त होते. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी प्रथमच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले आणि पुढे सगळे चित्र बदलले.

आज परिस्थिती उलट आहे. मोतीबिंदू जितका जुना, तितका कडक. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला इजा होण्याचा धोका वाढतो. अति पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून तीव्र वेदना होऊ शकतात आणि नजर कायमची जाऊ शकते.

मग शस्त्रक्रिया कधी करायची? नजरेमुळे वाचन, स्वयंपाक, गाडी चालवणे, जिने चढणे-उतरणे अशी रोजची कामे अडू लागली, की करायची. मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा असेल आणि काही अडत नसेल, तर चष्म्याचा नंबर बदलून नियमित तपासणी पुरते.

उपचार काय?

गढूळ झालेले भिंग पुन्हा स्वच्छ करणारे थेंब, गोळ्या किंवा मध-गुलाबपाणी यांसारखे घरगुती उपाय नाहीत. शस्त्रक्रिया हाच उपचार आहे.

फेको पद्धतीत साधारण २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढतात आणि त्या जागी घडी होणारे कृत्रिम भिंग बसवतात. कडक मोतीबिंदूसाठी थोड्या मोठ्या, पण बिनटाक्याच्या छेदाची पद्धतही चांगली आहे. बहुधा फक्त डोळा बधिर करतात. शस्त्रक्रियेला साधारण अर्धा तास लागतो आणि रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातो. सरकारी रुग्णालयांत आणि नेत्रशिबिरांतून ही सोय मोफत मिळते.

साधे भिंग बसवल्यावर लांबचे स्पष्ट दिसते, वाचायला सहसा चष्मा लागतो. महागडे भिंग प्रत्येकाला गरजेचे नसते. आपले काम काय, हे सांगून नेत्रतज्ज्ञांशी चर्चा करा.

शस्त्रक्रियेपूर्वी

शुगर आणि बीपी आटोक्यात आणा. सर्व औषधांची यादी सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांचा उल्लेख जरूर करा, पण त्या स्वतःहून बंद करू नका.

नंतरची काळजी

थेंब ठरलेल्या वेळी, हात धुऊन घाला. डोळा चोळू नका, सांगितलेल्या मुदतीपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, जड उचलू नका. वेदना वाढल्या, डोळा फार लाल झाला, पू आला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण उशीर झाला तर डोळा गमावण्याची वेळ येते.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर मोतीबिंदू परत आला असे नव्हे. भिंगामागचे आवरण गढूळ झालेले असते. ते लेसरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

शेवटी एक महत्त्वाचे

उतारवयात कमी दिसते ते मोतीबिंदूमुळेच, असे घरच्या घरी ठरवू नका. काचबिंदू किंवा मधुमेहामुळे दृष्टिपटल खराब होणे हेही कारण असू शकते. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञांकडून नियमित तपासणी करून घ्या आणि मधुमेह असल्यास दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.