प्रौढांचे पुराण

फादर थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'कडे आपण बहुधा मराठीला मिळालेले प्रशस्तिपत्र म्हणून पाहतो. भाषागौरवाच्या दिवशी त्यातल्या भाषास्तुतीच्या चार ओव्या म्हटल्या जातात आणि उरलेल्या सुमारे ११,००० ओव्यांची तेवढ्यावर बोळवण होते. हा ग्रंथ मुळात कोणासाठी रचला गेला, हे फारसे कोणी विचारत नाही. उत्तर मात्र ग्रंथाच्या आरंभीच दिले आहे.

पहिल्या अवस्वरात साष्टीतल्या एका चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मतत्त्वे शिकवीत असतात. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो. त्याची मागणी साधी आहे. मुलांना शिकवता ते उत्तमच, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. तेव्हा वेळ सत्कारणी लागेल, मन रमेल असे काही आम्हां मोठ्यांसाठी का करीत नाही? स्टीफन्सने हा प्रसंग जसाच्या तसा पाहिला की रचला, हा वाद येथे गौण आहे. घोकायची प्रश्नोत्तरे मुलांना पुरतात, प्रौढ माणसाला पुरत नाहीत, ही जाण त्यात आहे. आमच्या मते मराठीतल्या ख्रिस्ती लोकशिक्षणाचा इतिहास येथून सुरू करायला हवा.

या मागणीमागे जबरदस्ती आहे, हे विसरून चालणार नाही. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोकांच्या रोषात रुडॉल्फ अक्वाविवासह पाच जेझुइट मारले गेले. १५७९ साली गोव्यात उतरलेला हा इंग्रज पाद्री त्या काळी याच मुलखात होता. पोथ्या ज्या सत्तेने हिरावल्या, तिच्याच आश्रयाने त्यांची जागा भरणारा ग्रंथ आला. स्टीफन्सचे भाषाप्रेम खरे मानूनही हा पेच सुटत नाही. आम्हांलाही तो सोडवता आलेला नाही.

त्याने जे केले ते मात्र त्या काळी युरोपातही सहजी होत नव्हते. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर १५६६ साली निघालेली रोमची धर्मशिक्षणपोथी लॅटिनमध्ये, आणि मुख्यतः धर्मगुरूंसाठी होती. १५६४ च्या निषिद्ध-ग्रंथसूचीने देशी भाषांतल्या बायबलच्या वाचनाला परवानगीची अट घातली. आणि इकडे साष्टीतला शेतकरी रविवारी, सणावारी, चर्चमध्ये बसून सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीत ऐकू लागला. भाषांतर नव्हे, पुराण; म्हणून ते शक्य झाले असावे. (मूळ पोर्तुगीज शीर्षक ख्रिस्ताच्या जगातील आगमनावरचे 'प्रवचन' अशा अर्थाचे होते.)

मांडणी पुराणिकाची आहे. आरंभी वंदन, मग अवस्वरामागून अवस्वर, आणि मध्येच श्रोत्याची शंका व गुरूचे समाधान. या शंका आम्हांला फार महत्त्वाच्या वाटतात. एरवी तत्त्वज्ञानाच्या पाठशाळेत लॅटिनमधून झडणारी चर्चा येथे प्रापंचिक माणसाच्या तोंडी येते. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात जुने आणि नवे दोन्ही अर्थ जागे होणार, हे स्टीफन्सला कळत नसेल असे मानणे कठीण. देशी लिपीत छापण्याची त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. १६१६ साली रायतूरला ग्रंथ रोमन लिपीत निघाला. त्याची कोकणी 'दौत्रिन क्रिस्तां' त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये आली. मुलांचे आणि मोठ्यांचे शिक्षण असे दोन वेगळ्या ग्रंथांत, दोन भाषांत विभागले गेले. एतिएन द ला क्र्वाचे पीटरपुराणही याच परंपरेतले.

पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुनर्मुद्रणे झाली. १६८४ च्या फर्मानाने देशी भाषाच मोडून काढायचे ठरवले आणि या शिक्षणाचा पायाच खचला. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. टिकल्या त्या हातांनी उतरवलेल्या पोथ्या. त्यांच्या आधारे जे. एल. सलढाणांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत ग्रंथ छापला. (त्याच वर्षी आमच्या नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली, दोन्हींचा संबंध काही नाही, पण इकडे त्या सालाची आठवण गाडीमुळे राहते.) देवनागरी रूप सामान्य वाचकाच्या हाती यायला शांताराम बंडेलूंच्या १९५६ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. तोवर तो ग्रंथ श्रोत्यांचा उरला नव्हता, अभ्यासकांचा झाला होता.

दरम्यान १९०३ साली सुरू झालेल्या 'निरोप्या' मासिकाने प्रापंचिक ख्रिस्ती वाचक जपला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) बायबल सर्वांसाठी खुले असावे असे स्पष्ट केले, उपासना लोकभाषेत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. स्टीफन्सने श्रोत्याच्या तोंडी घातलेले काम तेथे प्रास्ताविके आणि टीपा करतात. शंका विचारणारा मात्र त्या पानांवर दिसत नाही. तो आहे असे गृहीत धरून लेखक उत्तर देतो.