साखर, प्रथिने आणि पेरूचे पान

पाव भाजला म्हणजे त्यावर तांबूस कवच धरते. या रंगाचे रहस्य फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय माय्यार यांनी १९१२ साली उलगडले. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापविली असता त्यांचा संयोग होऊन तपकिरी पदार्थ बनतात, असे त्यांनी दाखविले. भट्टीत जे घटकाभरात घडते तेच मनुष्यदेहात मंद गतीने वर्षानुवर्षे चालू असते. मात्र याचा प्रत्यक्ष पुरावा मिळावयास अर्धे शतक लोटावे लागले.

१९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक निराळे हिमोग्लोबिन आढळले. साखर चिकटलेले असे ते प्रथिन होते. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी याच शोधातून पुढे आली. हिमोग्लोबिन काही महिन्यांत नवे होते. परंतु रक्तवाहिन्या, मूत्रपिंड व डोळ्याचे भिंग यांतील दीर्घायुषी प्रथिने साखरेने एकदा जखडली, की ती कायमची बिघडतात.

हा बिघाड टाळता येईल काय? १९८६ साली अमेरिकेतील मायकेल ब्राउनली, अँथनी सेरामी प्रभृतींनी अमिनोग्वानिडीन या द्रव्याने मधुमेही उंदरांच्या रक्तवाहिन्यांत ही क्रिया रोखून दाखविली. आशा मोठी होती. परंतु मनुष्यावरील चाचण्यांत दुष्परिणाम दिसून आले आणि ते औषध प्रचारात येऊ शकले नाही.

झाडपाल्याकडेही संशोधकांचे लक्ष गेले. पेरूचे झाड मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आले आणि परसात रुजले. त्याच्या पानांच्या अर्कावर तैवानमध्ये झालेले प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. अल्ब्युमिन हे प्रथिन आणि ग्लुकोज यांच्या मिश्रणात तो अर्क घातला असता त्यांचा घातक संयोग मंदावला. पानांतील क्वेर्सेटिनसारख्या द्रव्यांकडे या गुणाचे श्रेय जाते.

तथापि परीक्षानळी म्हणजे देह नव्हे. नळीत अर्क प्रथिनाला थेट भिडतो. प्यालेल्या काढ्याला मात्र आतडी आणि यकृत ओलांडून रक्तात पोहोचावे लागते, आणि वाटेत त्यातील बरीच द्रव्ये पालटतात किंवा बाहेर पडतात. उंदरांत यशस्वी ठरलेले औषधही मनुष्याच्या बाबतीत टिकले नाही, मग नळीतील यशावर किती विसंबावे? पेरूचे पान अभ्यासास योग्य आहे, यात शंका नाही. परंतु वैद्याने दिलेले औषध बंद करून केवळ काढ्यावर राहणारा मधुमेही आपले डोळे आणि मूत्रपिंडे पणाला लावीत असतो.