‘संत तुकाराम’मधील जिजाई

आवडत्या मराठी चित्रपटांची यादी करावयाची झाल्यास ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) आम्ही सर्वांत वर ठेवू. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तल्लीन तुकाराम आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात लाभलेला गौरव यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला मात्र हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईसाठी.

संतचरित्रांनी जिजाईला बहुधा कजाग बायको म्हणूनच रंगविले. संताची सहनशीलता उठून दिसावी, एवढेच तिचे प्रयोजन. परंतु १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेला भीषण दुष्काळ, त्यात बुडालेला घरचा व्यापार आणि अन्नावाचून गेलेली तुकोबांची पहिली पत्नी हे सारे ध्यानी घेतले, म्हणजे तिच्या तोंडाळपणाचा अर्थ बदलतो. उपासमारीने ज्या घरातले माणूस नेले, त्या घरात रिकाम्या मडक्यांचा हिशेब कोणीतरी ठेवावयासच हवा होता.

हा हिशेब चित्रपटात जिजाईच्या वागण्यातून दिसतो. मूल आजारी पडते, तेव्हा ती वहाण हाती घेऊन पांडुरंगाला जाब विचारावयास देवळात जाते. शिवाजीमहाराजांकडून आलेला नजराणा पाहून ती हरखते, मुलांना नटवते. तुकोबा तो परत पाठवतात. अखेरीस वैकुंठाचे बोलावणे येते, तेव्हाही मुलाबाळांना सोडून निघणे तिला मान्य होत नाही. या प्रसंगांत विनोद आहे, पण तिचा उपहास नाही.

चित्रपटात दोषही आहेत. सालोमालो हा एकरंगी खलपुरुष आहे, आणि चमत्कारांच्या वेळी इतिहास मागे सरतो. तरीही लोकस्मृतीवर चित्रपटाची सत्ता केवढी, हे शांताराम आठवले यांच्या बीजाच्या पदावरून कळते. चित्रपटासाठी रचलेले हे पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. तेथे कल्पिताने इतिहासाची जागा घेतली. जिजाईच्या बाबतीत मात्र कल्पिताने इतिहासाचे जुने देणे फेडले आहे. चरित्रकारांनी तिचे भांडण नोंदवले. त्या भांडणामागची भूक पडद्यावर आली.

ज्यांनी हा चित्रपट पूर्वी पाहिला असेल, त्यांनी तो एकदा जिजाईच्या बाजूने पाहावा.