पक्ष घेणारी पत्रे: मराठी वृत्तपत्रांतील पक्षपाताची परंपरा

वृत्तपत्रे राजकीयदृष्ट्या पक्षपाती असतात का, असा प्रश्न जेव्हा विचारला जातो तेव्हा पूर्वी केव्हातरी ती नि:पक्षपाती होती आणि पुढे बिघडली, असे बहुधा गृहीत धरलेले असते. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास या गृहीताला आधार देत नाही. एकोणिसाव्या शतकात मराठीत जी महत्त्वाची पत्रे निघाली, त्यांपैकी बहुतेक एखादे मत मांडण्यासाठी, दुसरे खोडून काढण्यासाठी किंवा एखाद्या समाजाचे गाऱ्हाणे सरकारच्या कानावर घालण्यासाठी निघाली. बातमीला त्यांत दुय्यम स्थान होते. तेव्हा पक्षपात होता की नव्हता हे तपासत बसण्यापेक्षा, तो उघड होता की झाकलेला आणि त्याला उत्तर देणारे दुसरे पत्र वाचकाच्या हाती पडत होते की नाही, हे पाहिले तर या इतिहासातून अधिक काही हाती लागते.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’ या पत्राच्या पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. देशी लोकांना विलायती विद्येची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांनाही देशी लोकांचे म्हणणे वाचता यावे, असा दुहेरी हेतू या मांडणीमागे होता. त्यानंतर आलेल्या पत्रांनी आपापली बाजू अधिक ठळक केली. अमेरिकन मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघाले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी, आणि ते त्याने कधी लपवले नाही. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्राने १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे छापून ब्राह्मणी कर्मठपणावर घणाघात होऊ दिला. १८६२ मध्ये सुरू झालेल्या ‘इंदुप्रकाश’मधून विष्णुशास्त्री पंडित यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला. पत्र कोणाचे आहे आणि त्याला काय हवे आहे, याविषयी तत्कालीन वाचकाच्या मनात फारसा संदेह नसे.

पुण्यात जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ हे मराठी आणि ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू झाले. पहिल्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर, तर दुसऱ्याचे बाळ गंगाधर टिळक. रस्त्यावरचे दिवे आणि पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग होतो तोच वर्तमानपत्रकर्त्याच्या लेखणीचा होतो, अशी भूमिका ‘केसरी’ने आरंभीच मांडली होती, म्हणजे अंमलदारांवर नजर ठेवणे हे त्याने आपले काम मानले. वर्षभरातच या भूमिकेची कसोटी लागली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचे आरोप दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केले. पुराव्यादाखल पुढे आलेली पत्रे बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघा संपादकांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि सुटून आल्यावर लोकांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. लोकांनी त्यांच्या पदरात टाकले ते हेतूचे श्रेय. कागदपत्रे पडताळली होती की नाही, हा प्रश्न मागे पडला. पत्राची बाजू आपली असेल तर त्याच्या चुकीला वाचक क्षमा करतो, हा अनुभव मराठी वृत्तपत्रसृष्टीला इतका लवकर आला.

एकाच गटातील माणसांचीही वाट एक राहिली नाही. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादात आगरकर आणि टिळक यांच्यातील अंतर वाढत गेले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ हे स्वतंत्र साप्ताहिक काढले, ज्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. १८९१ मध्ये संमतिवयाचे विधेयक आले, म्हणजे ज्या वयाखालील मुलीशी, ती विवाहित असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा ठरेल ते वय १० वरून १२ वर नेणारा कायदा पुढे आला, तेव्हा पुण्याच्या वाचकासमोर दोन पत्रे समोरासमोर उभी ठाकली. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि रूढीत कायद्याने हात घालू नये, असे ‘केसरी’चे म्हणणे होते, जी रूढी लहान मुलीच्या जिवावर उठते ती मोडण्यासाठी कायद्याची मदत घेण्यात गैर काही नाही, असे ‘सुधारक’ने ठासून सांगितले. या भांडणात भाषा अनेकदा पातळी सोडून गेली आणि सनातनी मंडळींनी जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत मजल गाठली. तरीही दोन्ही पक्षांचे युक्तिवाद छापून निघाले आणि ते आजही शेजारी ठेवून वाचता येतात, कारण पक्षपाती लेखणीला तितकीच पक्षपाती लेखणी उत्तर देत होती.

अर्थात ही वादसभा सर्वांना खुली नव्हती. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यातील भांडण मुख्यतः पुण्यातील एकाच जातीच्या शिकलेल्या लोकांमधले होते. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक विचाराचे पत्र या वर्तुळाबाहेरून बोलत होते, आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवताना गिरणी कामगारांच्या कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी हे विषय लावून धरले. मात्र आपल्या बाजूच्या पत्रालाही आपल्याच बाजूचे सारे काही पचत नाही, याचेही उदाहरण येथेच सापडते. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले काही भाग ‘दीनबंधु’ने छापले आणि पुढचे छापण्याचे टाळले, फुल्यांनी त्याबद्दलची नाराजी लपवली नाही.

वेदोक्त प्रकरणाने या वर्तुळातील आणि त्याबाहेरच्या पत्रांमधली दरी रुंदावली. शाहू छत्रपतींच्या घराण्यातील धर्मविधी वैदिक मंत्रांनी व्हावेत की केवळ पुराणोक्त मंत्रांनी, या वादात ‘केसरी’ने ब्राह्मण पुरोहितांची बाजू उचलून धरली, पुढे ब्राह्मणेतर चळवळीने स्वतःची पत्रे उभी केली, ज्यांत मुकुंदराव पाटलांनी खेड्यातून चालवलेले ‘दीनमित्र’ आणि केशव सीताराम ठाकरे यांचे १९२१ मधील ‘प्रबोधन’ ही विशेष गाजली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या पुढाकाराने आणि शाहू महाराजांच्या आर्थिक साह्याने ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात आणि बहिष्कृतांच्या सुखदुःखाला त्यांत जागा नाही, असे निदान त्याच्या पहिल्याच अंकात केले होते. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, ही गोष्ट आंबेडकरांनी पुढे नोंदवली. जाहिरात नाकारणे हे अग्रलेखातील टीकेहून वेगळ्या जातीचे कृत्य आहे: टीकेला उत्तर देता येते, पण ज्याचे अस्तित्वच पानावर येऊ दिले जात नाही त्याला उत्तर देण्यासाठी आधी स्वतःचा कागद, छापखाना आणि वर्गणीदार जमवावे लागतात. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ या आंबेडकरांच्या तिन्ही पत्रांना पैशाची जी ओढाताण सोसावी लागली, तिच्यावरून या असमानतेचे मोजमाप होते.

पक्ष न घेता बातमी देणे हा वृत्तपत्राचा धर्म आहे, ही कल्पना मराठीत ठळकपणे आली ती १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू झालेल्या ‘सकाळ’बरोबर. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकर यांनी बातमी आणि मत यांना वेगळ्या जागा दिल्या, गावोगावी बातमीदार नेमले आणि स्थानिक घडामोडी, बाजारभाव, वाचकांची पत्रे यांना महत्त्व दिले. या धोरणात तत्त्व होते तसा व्यवहारही होता. वर्गणी आणि देणगी यांवर जगणारे पत्र एका मताच्या वाचकांवर तगू शकते; जाहिरातीवर उभ्या राहणाऱ्या दैनिकाला सर्व मतांचा वाचक लागतो, आणि त्यामुळे कोणालाही न दुखावणे हे त्याच्या फायद्याचे ठरते. परंतु जाहिरातदार आणि मालक यांचे हित अशा दैनिकात कोठे आणि कसे उमटते, हा नवा प्रश्न त्यातूनच जन्माला आला. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात मालकीच्या या अंगाकडे लक्ष वेधले.

तरीही मोठ्या चळवळीच्या प्रसंगी मराठी पत्र पुन्हा पक्षाच्या मैदानात उतरले. प्र. के. अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ हे दैनिक संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीच काढले. संपादक स्वतः सभा गाजवत होता, १९५७ मध्ये विधानसभेवर निवडून गेला आणि त्याच्याच दैनिकात त्या लढ्याच्या बातम्या येत होत्या. गोव्यात हे चित्र अधिक रेखीव दिसते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तेव्हा दोन मराठी दैनिके दोन बाजूंना होती: ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या, तर ‘राष्ट्रमत’ वेगळ्या गोव्याच्या. मराठीचा पुरस्कार म्हणजे विलीनीकरण, हे समीकरण मराठीतच छापल्या जाणाऱ्या ‘राष्ट्रमत’ने मोडले, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या प्रचारातले मोठे हत्यार ठरले. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. दोन्ही दैनिकांना कोणी तटस्थ म्हणणार नाही, पण मतदाराची फसवणूक केली असा ठपका या कारणासाठी त्यांच्यावर ठेवता येत नाही. कोण कोणासाठी लिहितो, हे त्याला ठाऊक होते.

उघड पक्षपाताची ही परंपरा मुखपत्रांत, म्हणजे पक्षाच्या किंवा संघटनेच्या अधिकृत पत्रांत, पुढेही चालू राहिली. शिवसेनेतील ठाकरे गटाच्या ‘सामना’चा अग्रलेख पक्षाची भूमिका म्हणूनच वाचला जातो आणि इतर पत्रे तो त्याच नात्याने उद्धृत करतात. काही मोठ्या मराठी दैनिकांची मालकी राजकारणातील घराण्यांकडे असणे, हीदेखील लपलेली बाब नाही. धोक्याचे वळण आले ते पैसे घेऊन छापलेली जाहिरात बातमीच्या वेषात येऊ लागली तेव्हा. या प्रकाराला पेड न्यूज म्हणतात, आणि निवडणुकीच्या हंगामात उमेदवारांच्या तोंडी त्यासाठी ‘पॅकेज’ हा शब्द रुळला. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिले की, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा आला होता. भारतीय प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोघा सदस्यांच्या उपसमितीने सविस्तर अहवाल दिला; कौन्सिलने मात्र २०१० मध्ये वृत्तपत्रांची नावे गाळलेला संक्षिप्त अहवाल स्वीकारला, आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या मजकुरात जो विरोध होता तो येथे उरला नाही. तीन दैनिके घेणाऱ्या वाचकालाही एकच मजकूर मिळाला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे त्याला कळले नाही.

मराठी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात, आणि अनेकदा त्याला जोडून ‘या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ असे वाक्यही असते. पहिली तरतूद १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याची देणगी आहे, आणि तिचा मूळ हेतू सरकारला शिक्षा कोणाला करायची हे कळावे असा होता. वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशींनंतर १९५६ च्या नियमांनी तिला मालकीचे वार्षिक निवेदन जोडले: दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर ‘फॉर्म ४, नियम ८ पाहा’ या मथळ्याखाली मालकाचे आणि मोठ्या भागधारकांचे नाव छापले जाऊ लागले. सरकारच्या सोयीसाठी जन्मलेली व्यवस्था अशा रीतीने वाचकाच्या उपयोगाची झाली, जरी तो चौकोन वाचणारे थोडेच.

मराठी वृत्तपत्रे पक्षपाती होती, आहेत, आणि समाजात मतभेद आहेत तोवर राहतील. उघड बाजू घेणाऱ्या पत्रांनी मराठी समाजाला वाद घालायला शिकवले. नुकसान केले ते दोन गोष्टींनी, एखाद्या समाजाला पानावर जागाच न देण्याने आणि विकलेल्या मजकुराला बातमी म्हणण्याने. म्हणून वृत्तपत्राकडून नि:पक्षपातीपणाची शपथ मागण्यापेक्षा त्याचा मालक कोण, त्याचा खर्च कोण भागवतो आणि कोणाची बाजू त्यात कधीच येत नाही, हे तीन प्रश्न वाचकाने विचारावेत आणि विरोधी बाजूचे निदान एक पत्र नियमाने वाचावे.