आत किती, बाहेर कधी

तुरुंगाच्या दारात पोलिसांची गाडी थांबते. उतरलेल्या माणसाकडे कुणी फारसं बघत नाही, आधी त्याच्याबरोबर आलेला कागद बघतात. वॉरंटवर न्यायालयाचा शिक्का आहे का, सही आहे का, नाव, बापाचं नाव, वय, गुन्हा क्रमांक, कलमं, पुढची तारीख सगळं भरलंय का. कागदात खोट निघाली तर माणूस दारातच खोळंबतो. हा निव्वळ काटेकोरपणा नाही. वैध कागदाशिवाय माणूस आत ठेवला तर ती बेकायदा कैद होते, आणि तिचा जाब तुरुंगाधिकाऱ्याला द्यावा लागतो.

कागद पटला की नोंद सुरू होते. उजव्या भुवईवर जुना व्रण, डाव्या खांद्यावर तीळ, उंची अमुक. मग झडती. खिशातली रोकड मोजून लिहायची, अंगावरच्या वस्तू उतरवून लिहायच्या. अंगठी कितीही पिवळीधमक असो, कारकून 'सोन्याची' असं लिहीत नाही. तो लिहितो, 'पिवळ्या धातूची अंगठी, एक नग'. सोनं म्हणून लिहिलं आणि सात वर्षांनी परत देताना पितळ निघालं, तर भरून कोण देणार? सरकारी मराठीतलं हे एवढं एक शहाणपण मला फार आवडतं.

या वह्यांना कायद्याचा आधार मिळाला तो १८९४ मध्ये. त्या वर्षीच्या तुरुंग अधिनियमाच्या बाराव्या कलमात अधीक्षकाने कोणते दप्तर ठेवायचे ते सांगितले आहे. आत घेतलेल्या बंद्यांची वही, कोण कधी सुटणार याची वही, शिक्षांची वही, पाहणीला आलेल्यांच्या शेऱ्यांची वही, आणि बंद्यांकडून काढून घेतलेल्या पैशा-वस्तूंची नोंद. याशिवाय सरकार सांगेल ते. चोविसावे कलम त्याहून महत्त्वाचे म्हणावे लागेल. दाखल होणाऱ्याची वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करायची आणि अंगावरच्या जखमा, खुणा वहीत उतरवायच्या. साहेबांच्या मनात तेव्हा मुख्यतः ओळख पटवणे आणि कोण कसल्या कामाला चालेल ते ठरवणे असेल. पण पोलीस कोठडीत मार खाऊन आलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा पहिला कागद हाच असतो. जखम आत येण्याआधीची की नंतरची, हे त्या एका रकान्यावर ठरतं.

कायद्याआधीही नोंद होतीच, पण ती ठेवायची जागा वेगळी होती. बंगाल इलाख्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. पळालाच तर कपाळ घेऊन पळेल कुठे? ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली. पुढे अंदमानात कपाळाची जागा गळ्यातल्या बिल्ल्याने घेतली. त्यावर क्रमांक, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख असे. मराठी वाचकाला यातला एक बिल्ला चांगला ठाऊक आहे. सावरकरांच्या गळ्यात आला त्यावर सुटकेचं साल १९६० होतं. शिवाय प्रत्येकाचं 'हिस्ट्री तिकीट' असे. कोणत्या तारखेला कोणतं काम दिलं, कधी खडी बेडी घातली, कधी एकांतात ठेवलं, हे त्यावर ओळी-ओळींनी येई. शिस्तीसाठी ठेवलेला हा कागद पुढे चरित्रकारांच्या कामी आला. तुरुंगाच्या दप्तराचं असं अनेकदा होतं. लिहिणाऱ्याला नको असलेली साक्षही ते देऊन जातं.

१९२४ च्या सुरुवातीला येरवड्याच्या दप्तरात एक गंमत झाली. १९६० पर्यंतची शिक्षा झालेले सावरकर ६ जानेवारीला येरवड्यातून सशर्त सुटले. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन त्याच तुरुंगात आलेले गांधीजी त्याच महिन्यात ससूनमध्ये शस्त्रक्रियेसाठी नेले गेले आणि ५ फेब्रुवारीला सुटले. महिन्याभरात सुटकेच्या दोन तारखा खोट्या पडल्या. वहीतली तारीख म्हणजे शेवटी एक अंदाजच. माफी, रजा, सरकारची मर्जी, वरच्या न्यायालयाचा निकाल, असं बरंच काही तिला मागे-पुढे ओढत असतं.

माणूस ओळखण्याच्या बाबतीत मात्र इंग्रज फार पुढे गेले. हुगळीचा मॅजिस्ट्रेट विल्यम हर्शेल याने १८७७ मध्ये बोटांचे ठसे तुरुंगातही घ्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. त्यांच्या वर्गवारीची खरी मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांची, नाव मात्र गाजलं त्यांच्या साहेबाचं. १९२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला, आणि तो १०२ वर्षं टिकला. २०२२ च्या नव्या कायद्याने ठशांच्या जोडीला डोळ्यांच्या पडद्यांचं स्कॅन आणि शरीराचे नमुने घेण्याची मुभा दिली, आणि हे सारं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं ठेवायची तरतूद केली. पंचाहत्तर वर्षं! अनेकांचं आयुष्यही तेवढं नसतं.

म्हणजे माणूस कोण, हे ठरवण्यात दप्तर तरबेज झालं. तो कधी सुटणार, हे ठरवणं तितकं सोपं कधीच नव्हतं. तुरुंगात ज्याला 'शिक्षेचा हिशेब' म्हणतात, तो एकदा करून बघावा.

समजा, एक माणूस १४ ऑगस्ट २०१६ ला अटकेत गेला. जामीन मिळाला नाही. ३ मार्च २०१८ ला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४२८ व्या कलमाने निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेत वळते होऊ लागले. त्याआधी ते फुकट जात. तर आता कारकून दिवस मोजतो. १४ ऑगस्ट २०१६ ते २ मार्च २०१८, दोन्ही दिवस धरून ५६६. सात वर्षं निकालापासून मोजली तर शिक्षा २ मार्च २०२५ ला संपते. त्यातून ५६६ दिवस मागे गेलं की येते १४ ऑगस्ट २०२३. आता दुसऱ्या टेबलावरचा कारकून तोच हिशेब सरळ करतो. माणूस १४ ऑगस्ट २०१६ पासून सलग आतच आहे, सात वर्षं १३ ऑगस्ट २०२३ ला भरतात. एका दिवसाचा फरक! तो आला कुठून? २०२४ च्या फेब्रुवारीत २९ तारीख होती. माणूस तोवर सुटून घरी गेलेला असायला हवा, पण त्या लीप वर्षाचा दिवस हिशेबाच्या वाटेत बसला.

हे उदाहरण सर्वांत सोपं, कारण यात दंड नाही. दंड न भरल्यास तीन महिने असं असतं तर ते वेगळे जोडायचे. दोन गुन्ह्यांच्या दोन शिक्षा असत्या तर त्या एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, हे निकालपत्रात शोधावं लागलं असतं. न्यायाधीशांनी ते लिहिलं नसेल तर एकापाठोपाठ धरायच्या. मध्ये संचित रजेवर (फर्लो) जाऊन आला, अभिवचन रजेवरून (पॅरोल) उशिरा परतला, तर ते दिवस वेगळे. चांगल्या वर्तणुकीची माफी वेगळी. जन्मठेपेला तर शेवटची तारीखच नाही. चौदा वर्षं, वीस वर्षं ही लोकांच्या तोंडची गणितं. फाशीऐवजी ती होऊ शकणारा गुन्हा असेल तर १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सुटकेचा विचारच नाही, हे १९७८ च्या दुरुस्तीने ठरलं, आणि विचार करायचा तर पुन्हा दप्तरच बघायचं. दोन-चार बोटांएवढ्या रकान्यात लिहिलेल्या तारखेमागे इतकं सगळं असतं.

हिशेब चुकण्यापेक्षा भयंकर म्हणजे तो कुणी न बघणं. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या तुरुंगातला रुदुल साह ३ जून १९६८ ला निर्दोष सुटला. तुरुंगातून बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ ला. मधली चौदा वर्षं तो निर्दोष म्हणून आत होता. तो वेडा होता, असं कारण पुढे केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि सरकारने आधी दिलेल्या ५ हजारांखेरीज ३० हजार रुपये भरपाई द्यायला लावली. घटनेच्या बत्तिसाव्या कलमाखाली पैशाच्या रूपात भरपाई देण्याची वाट या निकालाने मोकळी केली. तो १९८३ मध्ये देणारे सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. त्या आडनावाकडे पुन्हा यायचं आहे.

संगणक आला तेव्हा हे सगळं संपेल असं वाटलं होतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेली ई-प्रिझन्स प्रणाली आता देशभर आहे. प्रत्येक बंद्याला क्रमांक, छायाचित्र, खटल्यांची यादी, पुढची तारीख. वहीची पानं उलटण्यात जाणारा वेळ खरोखरच वाचला. पण संगणकात तेच जातं जे वॉरंटवर आहे. वॉरंटवर 'शिंदे'चा 'शिंडे' झाला असेल तर पडद्यावरही शिंडेच दिसणार. आणि बाहेरचा कागद आत येण्याचा वेग मात्र बरीच वर्षं जुनाच राहिला. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या दारात जामीन आदेशांसाठी पेटी आहे. संध्याकाळी साडेपाचच्या आत त्यात कागद पडला नाही तर सुटका दुसऱ्या दिवसावर. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाची एक रात्र या पेटीपायी वाढली, तेव्हा देशाने ती पेटी पाहिली. त्याच्याआधी कितीजणांच्या रात्री वाढल्या असतील, त्याची वही कुणी ठेवलेली नाही.

मार्च २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश थेट इलेक्ट्रॉनिक मार्गाने तुरुंगात जाऊ लागले. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि अभय ओक यांनी तर तुरुंगाच्या टेबलावरचं कामच ठरवून दिलं. जामीन मिळाला की न्यायालयाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेश ईमेलने अधीक्षकाकडे पाठवायचा, अधीक्षकाने जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये चढवायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने आणखी एक पाऊल टाकलं. पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की (इतरांच्या बाबतीत निम्मा) न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकावर आली. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले चालू असलेले बंदी यातून वगळले आहेत, पण तरीही ही मोठी उलथापालथ आहे. शतकभर वही माणूस आत असल्याचा पुरावा होती. आता ती बाहेर काढायची आठवणही करून देते. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे चारांतले तीन. ही आठवण कितीजणांसाठी करायची आहे ते यावरून समजावं.

तरी अक्षराची सत्ता संपलेली नाही. २०२५ मध्ये गाझियाबादच्या तुरुंगातल्या एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. आदेशात कलम होतं, पोटकलम सुटलं होतं. तेवढ्यावरून तो आतच राहिला. ओळख पटत होती, गुन्हा क्रमांक जुळत होता, सगळ्यांना सगळं कळत होतं. न्यायालयाने राज्य सरकारला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. काटेकोरपणा हा या खात्याचा गुण आहे हे मी सुरुवातीलाच म्हटलं, पण तो असा वापरला की गुणाचा अवगुण होतो.

दप्तरात काय लिहायचं हे शिकण्यात शंभर वर्षं गेली. काय लिहायचं नाही, हे शिकणं हल्लीचं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुरुंगात मूल जन्मलं तर जन्मनोंदीत जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. येरवड्यात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर पुणे येतं, पण कारागृह येत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी हा दाखला पुढे करणाऱ्या आईला त्याची किंमत विचारावी.

दुसरी गोष्ट जातीच्या रकान्याची. येरवड्याचा तुरुंग उभा राहिला १८७१ मध्ये, आणि गुन्हेगार जमाती कायदा झाला तोही त्याच साली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, विमुक्त दिन आपण ३१ ऑगस्टला पाळतो. तुरुंगाच्या वह्यांतली जात मात्र गेली नाही. अनेक राज्यांच्या नियमांत सफाई कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा, सवयीचा गुन्हेगार कुणाला समजायचं, हे त्या रकान्यावरून ठरत होतं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी यावर लिहिलं, मग न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने असे नियम घटनाबाह्य ठरले, आणि न्यायाधीन व सिद्धदोष बंद्यांच्या वह्यांतून जातीचा रकाना काढून टाकायचा आदेश निघाला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश धनंजय यशवंत चंद्रचूड. वडिलांनी न उघडलेल्या वहीची किंमत मोजायला लावली होती, मुलाने वहीतला एक रकाना खोडायला लावला. मध्ये एकेचाळीस वर्षं गेली.

शेवटी एक कामाची गोष्ट. ओळखीपाळखीचं कुणी आत असेल तर पहिल्याच भेटीत वॉरंटवरचं नाव आणि वय आधार कार्डाशी ताडून घ्या, अटकेची तारीखही तपासा. शिक्षा लागली असेल तर वळते झालेले दिवस किती धरले ते लेखी मागा. चूक दिसली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला तिथला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.