इंजेक्शन मोल्डिंगमधील रनर पद्धतीची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेले प्लास्टिक यंत्राच्या तोंडापासून साच्यातील पोकळ्यांपर्यंत ज्या वाटेने जाते, तिला रनर म्हणतात. ही वाट थंड साच्यातच कोरलेली असल्यास तिच्यातील प्लास्टिक वस्तूबरोबर गोठते व काडीच्या रूपाने बाहेर पडते. ही कोल्ड रनर पद्धत होय. वाट स्वतंत्रपणे तापती ठेवल्यास तिच्यातील माल वितळलेलाच राहून पुढील खेपेस उपयोगी पडतो. ही हॉट रनर पद्धत होय. दुसरी पद्धत म्हणजे पहिलीची सुधारित अवस्था, असा समज रूढ आहे. इतिहास पाहता तो अर्धाच खरा ठरतो. ज्या त्या काळी टाकाऊ काडीची किंमत काय होती, यावरच ही निवड मुख्यतः अवलंबून राहिली आहे.

ऐतिहासिक वाटचाल :

अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट व त्याचा भाऊ आयझाया यांनी १८७२ साली या प्रकारच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. तापवलेल्या नळकांड्यातील सेल्युलॉइड दट्ट्याने पुढे रेटावयाचे, इतकी ती साधी रचना होती. सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही असल्याने ते वाटेत सतत तापते ठेवण्याचा विचारही तेव्हा धोक्याचा होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आर्थर आयशेनग्रून यांनी सेल्युलोज ॲसिटेट हा सहज पेट न घेणारा पदार्थ पुढे आणला, तेव्हा मोल्डिंगचा मार्ग सुरक्षित झाला.

१९४६ साली जेम्स हेंड्री यांनी दट्ट्याऐवजी फिरणारा स्क्रू वापरला. माल एकजीव होऊ लागल्याने दळलेल्या काड्या नव्या दाण्यांत मिसळता येऊ लागल्या. म्हणजेच या सुधारणेने कोल्ड रनरला मोडीत न काढता उलट बळच दिले. ग्रंथांतून स्क्रूचे गुणगान पुष्कळ आढळते, परंतु त्याच्या या परिणामाकडे सहसा लक्ष जात नाही.

साच्यात तापती वाट ठेवण्याची कल्पना पुढे कॅनडासारख्या देशांतील साचेकारांनी नेटाने राबविली. ऑन्टारिओमधील मोल्ड-मास्टर्स ही संस्था १९६३ सालची. आरंभीच्या हॉट रनरमध्ये गळती होई, माल करपे, आणि एक पोकळी भरली तरी शेजारची अपुरी राही. असा महाग व लहरी साचा कारखानदाराने का घ्यावा? या प्रश्नाला १९७३ च्या तेलसंकटाने काहीसे उत्तर दिले. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव १९७४ च्या आरंभी सुमारे १२ डॉलरवर गेला. प्लास्टिक तेलापासूनच बनत असल्याने काडीही महाग झाली. पुढे पेट बाटल्यांच्या प्रीफॉर्मसाठी एका साच्यात १४४ पर्यंत पोकळ्या आल्या. तेथे हॉट रनरशिवाय काम चालणे कठीणच.

याउलट थोडा माल काढावयाचा असेल वा रंग वारंवार बदलावा लागत असेल, तर तापत्या वाटेतील जुना रंग धुऊन काढण्यातच वेळ व माल खर्ची पडतो. रबर व थर्मोसेट पदार्थांत तर सारेच उलट होते. हे पदार्थ उष्णतेने पक्के होतात व पुन्हा वितळत नाहीत, म्हणून तेथे माल वाचविण्यासाठी वाट थंडच ठेवावी लागते. नाव ‘कोल्ड रनर’च, पण काम मात्र हॉट रनरचे!

काडीच जेव्हा माल बनते :

ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा जोडसंच वूलवर्थच्या दुकानांतून विकावयास आणला. अशा संचांत सुटे भाग रनरच्या चौकटीलाच जोडलेले राहतात. चौकट भाग सांभाळते, त्यांचा क्रम दाखवते आणि ग्राहकाच्या घरी जाऊन पोहोचते. कारखान्यातील टाकाऊ वस्तू येथे विक्रीचा भाग झाली. अर्थात तिची विल्हेवाट लावण्याचे कामही ग्राहकाच्याच गळ्यात पडले. जपानमधील बांदाई समूहाने २०२१ पासून आपल्या गनप्ला संचांच्या रिकाम्या चौकटी ग्राहकांकडून परत गोळा करून पुनर्वापरात आणण्यास प्रारंभ केला.